अरिशियाचे हस्तक

1935 सालच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये ज्यूलियस श्वार्ट्‌झ नावाचा विशीतला एक तरुण विज्ञानकथा लेखकांची दलाली करत असे. लेखकाची गोष्ट मासिकाला विकून द्यायची आणि आलेल्या पैशातले दहा टक्के आपण ठेवायचे, असा सरळ व्यवहार. ‘अस्टाउंडिंग स्टोरीज’चा संपादक एफ. ऑर्लिन ट्रिमेन याच्या गळ्यात त्याने एक लांबलचक कादंबरिका मारली. सौदा 350 डॉलरला ठरला. आपले 35 कापून श्वार्ट्‌झने उरलेले 315 लेखकाला पाठवले. लेखक होता एच. पी. लवक्राफ्ट आणि कादंबरिका ‘अ‍ॅट द माउंटन्स ऑफ मॅडनेस’. ती 1931 मध्येच लिहून झाली होती, पण ‘वीअर्ड टेल्स’ने परत पाठवल्यावर खचलेल्या लवक्राफ्टने ती तशीच ठेवून दिली होती.

फेब्रुवारी ते एप्रिल 1936 अशा तीन अंकांत ती छापून आली. अंटार्क्टिकातल्या पर्वतांपलीकडे एका मोहिमेला कोट्यवधी वर्षांपूर्वीचं एक नगर सापडतं. ते वसवणारे ताऱ्यांवरून आलेले. पृथ्वीवरचे सजीव त्यांनीच घडवले आणि अंगमेहनतीला शॉगॉथ नावाचे गुलाम तयार केले, हवा तो आकार घेणारे, लिबलिबीत. पुढे ते गुलाम धन्यांवरच उलटले. या सगळ्यात माणसाची किंमत किती? उरल्यासुरल्या लगद्यातून सहज निपजलेला एक प्राणी, इतकीच. लवक्राफ्टच्या विश्वातल्या बलाढ्यांना माणूस आहे की नाही याचं सोयरसुतक नसतं. कोणी त्यांची भक्ती केलीच तर पदरात वेडाशिवाय काही पडत नाही. छापील अंक पाहून लवक्राफ्टचं पित्त खवळलं, कारण संपादकांनी परिच्छेद मनमानीने तोडले होते. आपल्याजवळच्या प्रतींवर त्याने हाताने दुरुस्त्या केल्या. 15 मार्च 1937 रोजी तो वारला.

त्याच मासिकात, त्याच वर्षीच्या सप्टेंबरच्या अंकापासून ‘गॅलॅक्टिक पेट्रोल’ ही कादंबरी क्रमशः सुरू झाली. इथेही अब्जावधी वर्षांपूर्वीचे, देवच म्हणावेत असे परग्रहवासी होते. पण त्यांना माणूस हवा होता. त्यांना एक लढाई लढायची होती आणि ती आपल्या हातांनी लढायची नव्हती. अशा देवांची आणि त्यांच्या मर्त्य हस्तकांची गोष्ट विज्ञानकथेत पुढची साठ वर्षं पुन्हा पुन्हा सांगितली गेली. तिचा पाया घातला तो डोनटच्या पिठाचं मिश्रण बनवणाऱ्या एका रसायनतज्ज्ञाने.

एडवर्ड एल्मर स्मिथचा जन्म 1890 चा, विस्कॉन्सिनमधल्या शेबॉयगनचा. आयडाहो विद्यापीठातून रासायनिक अभियांत्रिकी शिकून तो वॉशिंग्टनला सरकारी प्रयोगशाळेत लागला आणि तिथल्याच जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय होता नायट्रोजनच्या ऑक्साइडांनी गव्हाचं पीठ पांढरं केलं तर त्याच्या पाव भाजण्याच्या गुणावर काय परिणाम होतो, हा. नावामागची पीएच.डी. मासिकांनी अशी काही मिरवली की वाचक त्याला ‘डॉक’ स्मिथच म्हणू लागले. ‘स्कायलार्क ऑफ स्पेस’ ही पहिली कादंबरी त्याने 1915 मध्ये ली हॉकिन्स गार्बी या बाईंच्या मदतीने सुरू केली. प्रेमाचे संवाद आपल्याला जमणार नाहीत असं त्याला वाटे, म्हणून तो भाग बाईंकडे. 1928 मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ने ती छापली आणि 125 डॉलर दिले. सूर्यमालेच्या बाहेर पडलेलं यान तोवर वाचकांनी क्वचितच पाहिलं होतं. 1936 मध्ये तो मिशिगनमधल्या जॅक्सनच्या ‘डॉन डोनट’ कंपनीत गेला. दिवसा पीठ, रात्री आकाशगंगा.

आता या कथांची मांडणी. अरिशिया ग्रहावर एक अतिप्राचीन, शांत, निव्वळ मनोबळावर चालणारी जमात आहे. दुसऱ्या टोकाला एडोरचे रहिवासी, सत्तेसाठी हपापलेले. दोघांनाही विश्वाचा ताबा हवा, फक्त कशासाठी हे वेगळं. अरिशियन आपलं अस्तित्व शत्रूपासूनही लपवून ठेवतात आणि निरनिराळ्या ग्रहांवरच्या निवडक माणसांना (‘माणूस’ हा शब्द इथे सैल घ्यावा, कारण त्यात पंख असलेला सरपटणारा वर्सेलही येतो) ‘लेन्स’ देतात. लाखो सूक्ष्म स्फटिकांची ही भिंगासारखी वस्तू प्लॅटिनम-इरिडियमच्या पट्ट्यात बसवून मनगटावर बांधायची. एक लेन्स एकाच मालकाची. त्याच्या अंगावर ती रंगीबेरंगी झळाळते आणि दुसऱ्या मनाशी थेट बोलायची ताकद देते. त्याने ती काढून ठेवली आणि दुसऱ्याने अंगावर चढवली, तर चढवणारा मरतो. भ्रष्ट होऊच शकत नाही असा पोलिस! दारूबंदीच्या काळातली टोळीराज्यं आणि विकलेले फौजदार नुकतेच पाहिलेल्या अमेरिकन वाचकाला हे ओळखपत्र किती हवंहवंसं वाटलं असेल.

स्मिथची भाषा भडक आहे हे कबूल केलंच पाहिजे. त्याची जहाजं साधी मोडत नाहीत, एका वाक्यात चार विशेषणांसकट त्यांची वाफ होते. पण रचनेत तो पक्का. चार कादंबऱ्या म्हणजे एकच कथा, हे त्याने आधीपासून ठरवलं होतं आणि ती तो एकेक पदर उलगडत सांगत गेला. शत्रूची संघटना ‘बोस्कोन’. पहिल्या कादंबरीत वाटतं की हेल्मुथ हाच सर्वेसर्वा. तो मेल्यावर कळतं की त्याच्यावर आइख नावाचे थंड ग्रहावरचे जीव आहेत, मग त्यांच्याही वर कोणी, त्यांच्याही वर कोणी, आणि अगदी माथ्यावर एडोर. प्रत्येक पायरीवरच्या हस्तकाला आपल्या वरच्याची जेमतेम कल्पना असते, त्याच्या वरच्याची नसतेच. 1937 चा वाचकही त्याच अंधारात. नायक किम्बॉल किनिसनला जेवढं ठाऊक, तेवढंच वाचकाला.

‘ग्रे लेन्समन’ ऑक्टोबर 1939 ते जानेवारी 1940 मध्ये आली. तिसरी कादंबरी नोव्हेंबर 1941 ते फेब्रुवारी 1942 या अंकांत चालू असतानाच पर्ल हार्बरवर हल्ला झाला. पन्नाशी ओलांडलेला स्मिथ डोनट सोडून इंडियानातल्या किंग्जबरीच्या दारूगोळा कारखान्यात स्फोटकांवर काम करू लागला. 1944 च्या सुमारास ती नोकरी सुटली. निकृष्ट माल पास करायला नकार दिला म्हणून सुटली, असं त्याच्या काही चरित्रकारांचं म्हणणं. ते खरं असो वा नसो, पुढे त्याने किनिसनच्या एका पूर्वजाला तसल्याच कारखान्यात, तसल्याच कारणावरून नोकरी गमवायला लावली हे मात्र पुस्तकात आहे. युद्धाचा आणखी एक धागा इथे येतो. ‘अस्टाउंडिंग’चा पुढचा संपादक जॉन कॅम्पबेलने 11 जून 1947 च्या पत्रात स्मिथला कळवलं, की अमेरिकी नौदलातल्या कॅप्टन कॅल लेनिंगने युद्धनौकांवरच्या माहिती केंद्रांची आखणी करताना स्मिथच्या कथांतल्या युद्धकक्षाची कल्पना उचलल्याचं मान्य केलं आहे. सगळ्या रणभूमीचं चित्र एका जागी मांडायचं आणि तिथूनच हुकूम सोडायचे, ही ती कल्पना.

शेवटची ‘चिल्ड्रन ऑफ द लेन्स’ नोव्हेंबर 1947 पासून आली आणि तिच्यात सगळं उघड झालं. किनिसन आणि त्याची बायको क्लॅरिसा यांचं लग्न हा योगायोग नव्हता. अरिशियन हजारो वर्षं दोन घराण्यांच्या पत्रिका जुळवत बसले होते. या जोडप्याची एक मुलगा आणि चार मुली अशी पाच मुलंच एडोरचा नाश करू शकणार होती. ती करतातही. मग अरिशियन विश्वाची राखण त्यांच्या हवाली करून निघून जातात. किनिसनला यातलं काहीच सांगितलं जात नाही. आयुष्यभर ज्यांच्यासाठी झिजला त्यांनी आपल्याला एक पायरी म्हणून वापरलं, आपली मुलं आपल्या आकलनापलीकडची आहेत, हे त्या शूर माणसाला शेवटपर्यंत कळत नाही. लेखकाला यात काही खटकलेलं दिसत नाही. त्याच्या लेखी हा सुखान्त आहे.

हे ज्या काळात लिहिलं गेलं तो काळ विसरून चालणार नाही. ‘वाण सुधारण्या’च्या नावाखाली सक्तीच्या नसबंदीचा कायदा करणारं जगातलं पहिलं राज्य इंडियाना, साल 1907. 1927 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने व्हर्जिनियातल्या तसल्याच कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. स्मिथ काही त्या चळवळीचा प्रचारक नव्हता. पण उत्तम वंशातून उत्तम माणूस पैदा करता येतो हे त्याच्या पिढीच्या अनेक शिकलेल्या लोकांना इतकं उघड सत्य वाटे, की ते गोष्टीत घातलं तर कोणाच्या भुवया उंचावत नसत. बायकांचंही तसंच. लेन्स पुरुषालाच शोभते असं अरिशियन बजावतात आणि क्लॅरिसा सोडली तर कुठल्याही बाईला ती मिळत नाही.

1948 मध्ये एक गंमत झाली. पेनसिल्व्हेनियातल्या रेडिंगच्या लॉइड एशबाखने ‘फँटसी प्रेस’ ही छोटी प्रकाशन संस्था काढली होती. जुन्या मासिकांतल्या कथा पुस्तकरूपात आणण्याचा त्याचा उद्योग. त्याच्यासाठी स्मिथने 1934 ची ‘ट्रायप्लॅनेटरी’ ही अगदी वेगळी, स्वतंत्र कथा घेतली आणि पुढे नवी प्रकरणं जोडून ती मालिकेचा पहिला खंड करून टाकली. आता सुरुवातच दोन आकाशगंगा एकमेकींतून आरपार जातात इथून. त्यामागे शास्त्र होतं. खगोलशास्त्रज्ञ जेम्स जीन्सच्या मते दोन तारे जवळून गेले तरच ग्रह जन्मतात, आणि असा योग फार विरळा. स्मिथला तर वस्तीचे ग्रह ढिगाने हवे होते, म्हणून त्याने आख्ख्या आकाशगंगाच भिडवल्या. (पुस्तक निघेतो जीन्सची उपपत्ती मोडीत निघाली होती, पण कल्पना झकास आहे.) मग अटलांटिस बुडतं, रोममध्ये नीरो गादीवर असतो आणि त्याच्या आडून एडोरचा गार्लेन सूत्रं हलवत असतो, मग दोन महायुद्धं. मानवी इतिहासातली एकेक आपत्ती वरच्यांच्या डावातली खेळी ठरते.

माझ्या मते इथे स्मिथने आपल्याच मालिकेचा घात केला. मासिकाच्या वाचकाने दहा वर्षांत जे रहस्य कणाकणाने मिळवलं, ते पुस्तकाच्या वाचकाला पहिल्याच पानावर फुकट मिळालं. पण या कथाप्रकाराचं भवितव्यही त्याच निर्णयाने ठरलं. वाचक आता हस्तकाच्या शेजारी न बसता देवांच्या शेजारी बसला आणि वरून खाली पाहू लागला. आणि वरून पाहिल्यावर त्याला पहिल्यांदा शंका आली असावी, की हे जे खाली चाललंय ते ठीक आहे का?

ती शंका इंग्लंडमध्ये आर्थर क्लार्कने बोलून दाखवली. अमेरिकन मासिकं वाचतच तो मोठा झाला होता. 1953 च्या ‘चाइल्डहुड्स एंड’मध्ये पृथ्वीवर परग्रहावरचे ‘ओव्हरलॉर्ड’ येतात, युद्धं थांबवतात, सुबत्ता आणतात आणि पन्नास वर्षं तोंड दाखवत नाहीत. दाखवतात तेव्हा कारण कळतं. शिंगं, शेपूट, चामड्याचे पंख, म्हणजे ख्रिस्ती चित्रांतला सैतानच. पण क्लार्कची खरी करामत पुढे आहे. हे सर्वशक्तिमान दिसणारे जीव स्वतःच नोकर असतात. ओव्हरमाइंड नावाच्या विराट मनासाठी ते सुईणीचं काम करतात. माणसाची मुलं त्या मनात विलीन होऊ शकतात, ओव्हरलॉर्डना मात्र ते कधीच जमणार नाही. त्यांचा प्रमुख कॅरेलेन हे जाणतो आणि तरीही काम चोख करतो. किनिसनला जे कोणी सांगितलं नाही ते कॅरेलेनला पूर्ण ठाऊक आहे. म्हणूनच तो अधिक दुःखी आणि, मला तरी, कितीतरी अधिक जिवंत वाटतो.

दरम्यान श्वार्ट्‌झ दलाली सोडून कॉमिक्सचा संपादक झाला होता. 1959 मध्ये त्याने लेखक जॉन ब्रूम आणि चित्रकार गिल केन यांच्याकडून ‘ग्रीन लँटर्न’ नव्याने घडवून घेतला. पुढल्याच वर्षी ओआ ग्रहावरचे निळे, बुटके, अमर ‘गार्डियन’ आले. निरनिराळ्या ग्रहांवरच्या लायक जीवांना एकेक अंगठी द्यायची आणि विश्वाची पोलिसगिरी करायला लावायची, हे त्यांचं काम. स्मिथच्या वाचकांना ओळख पटायला वेळ लागला नाही. पुढच्या लेखकांनी तर त्या अंगठीधारी दलात अरिशिया नावाची एक पोरगीच भरती केली.

1968 चा वसंत या विषयासाठी दाटीवाटीचा ठरला. 29 मार्चला ‘स्टार ट्रेक’मध्ये गॅरी सेव्हन अवतरला. परग्रहावर पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या माणसांपैकी एक, अज्ञात धन्यांनी पृथ्वी वाचवायला पाठवलेला. त्याच्यावर स्वतंत्र मालिका काढायचा बेत होता, तो फसला. चारच दिवसांनी, 2 एप्रिलला, वॉशिंग्टनमध्ये क्लार्क-क्युब्रिकच्या ‘2001’चा पहिला खेळ झाला. आणि त्याच वर्षी एरिक फॉन दानिकेन या स्विस हॉटेल व्यवस्थापकाने हे सारं कल्पित नसून इतिहासच आहे असा दावा करणारं पुस्तक जर्मनमध्ये काढलं. आपल्याकडे बाळ भागवतांच्या ‘देव? छे! परग्रहावरील अंतराळवीर!’मुळे दानिकेन घरोघरी पोचला आणि कित्येक मराठी वाचकांची या देवांशी पहिली गाठ तिथेच पडली. दानिकेनच्या पुराव्यांबद्दल इथे बोलण्यात अर्थ नाही. कथाकार म्हणूनही तो स्मिथच्या पासंगाला पुरत नाही, कारण त्याच्या देवांना कसली अडचणच नाही. ते येतात, दगड रचतात आणि जातात.

जुना हिशेब चुकता झाला तो दूरदर्शनच्या पडद्यावर. जे. मायकेल स्ट्राझिन्स्कीची ‘बॅबिलॉन 5’ ही एका अंतराळस्थानकावर घडणारी मालिका जानेवारी 1994 ते नोव्हेंबर 1998 चालली. 110 भागांपैकी 92 एकट्याने लिहिलेले, पाच वर्षांची एकच कादंबरी. लेन्समन कथांचं ऋण त्याने उघडपणे मान्य केलं. इथले अरिशियन म्हणजे व्होर्लॉन, शिस्तीचे भोक्ते. इथले एडोरवासी म्हणजे शॅडो. संघर्षातूनच जीव बळकट होतो म्हणून जमातींची आपापसांत लावून देणारे.

स्ट्राझिन्स्कीने स्मिथकडून काय घेतलं आणि त्याचं काय केलं ते एका प्रसंगावरून दिसतं. स्मिथच्या मालिकेतल्याच ‘फर्स्ट लेन्समन’मध्ये अरिशियाला गेलेल्या प्रत्येकाला समोरचा मेंटर हा अरिशियन निराळाच दिसतो, आणि लेखक ते नम्रपणे देवांची लीला म्हणून सोडून देतो. 1995 च्या एका भागात व्होर्लॉनांचा राजदूत कॉश आपलं चिलखत सोडून बाहेर येतो आणि उंचावरून पडणाऱ्या, स्थानकाचा प्रमुख असलेल्या कॅप्टन शेरिडनला झेलतो. जमलेल्या गर्दीत ज्याला त्याला आपल्याच धर्मातला देवदूत दिसतो. नार्नला नार्नांचा, ड्राझीला ड्राझींचा. पण ही लीला नसते. व्होर्लॉनांनी युगानुयुगं प्रत्येक जमातीत ढवळाढवळ करून आपल्याला पाहताच भक्ती जागी होईल अशी सोय करून ठेवलेली असते. त्या गर्दीतला लॉन्डो मोलारी मात्र आपल्याला काहीच दिसलं नाही म्हणतो. तोवर तो दुसऱ्या पक्षाच्या हाती गेलेला असतो.

लॉन्डो म्हणजे पडत्या साम्राज्याचा, दारू आणि जुगारात रमलेला राजदूत. शॅडोंचा माणूस मॉर्डेन गोड हसत स्थानकावरच्या राजदूतांना गाठतो आणि प्रत्येकाला एकच विचारतो, तुम्हाला हवंय काय? त्यांच्यातल्या जीकारला सूड हवा, त्यापलीकडचं त्याला सुचत नाही. डेलेन मॉर्डेनला हाकलून देते. लॉन्डो चिडून, त्या माणसाला टाळायचं म्हणून, बोलून जातो की आमच्या साम्राज्याचे जुने दिवस परत हवेत. मॉर्डेनला हवा तो माणूस मिळालेला असतो. हाच प्रश्न तो पुढे लॉन्डोचा बावळट मदतनीस व्हिरला विचारतो. व्हिर म्हणतो, तुझं मुंडकं भाल्यावर टांगलेलं पाहण्याइतकं जगायचंय, म्हणजे मला खालून असा हात हलवता येईल. आणि बोटं हलवून दाखवतो. 1997 च्या एका भागात लॉन्डो मॉर्डेनचा शिरच्छेद करवतो आणि व्हिरला बागेत नेऊन ते दाखवतो. व्हिर हात हलवतो.

त्याच भागात देवांचा निकाल लागतो. दोन्ही आरमारांच्या मध्ये उभा राहून शेरिडन त्यांना त्यांचेच प्रश्न विचारतो. व्होर्लॉन सगळ्यांना विचारत, तू कोण? शॅडो विचारत, तुला काय हवं? या दोघांना स्वतःपुरतं त्यांचं उत्तर देता येत नाही. शेरिडनवर सोडलेलं क्षेपणास्त्र मधल्या जमातींची जहाजं अंगावर झेलतात आणि पुरातनांच्या लक्षात येतं, की आता यांना आपण नको आहोत. ते आकाशगंगेच्या कडेपलीकडे निघून जातात. अरिशियनही असेच गेले होते, पण स्वखुशीने आणि वारस नेमून. इथे त्यांना जायला सांगितलं जातं.

मग हस्तकांचं काय? स्मिथला हा प्रश्न पडला नव्हता. स्ट्राझिन्स्कीने त्यावर जवळजवळ एक भाग खर्च केला. लिटा अलेक्झांडर ही मन वाचणारी मुलगी. व्होर्लॉनांनी तिच्या शरीरात फेरफार केले, राजदूताला तिने आपल्या अंगात वाहून नेलं, युद्ध जिंकायला तिचा मोठा हातभार लागला. धनी गेले आणि तिचं काम संपलं. 1997 च्याच त्या दुसऱ्या भागात खोलीचं भाडं थकल्यामुळे तिला लहान खोलीत हलायला सांगितलं जातं. ती नोकरी शोधते, पण तिच्यासारखीला मनोवाचकांच्या सरकारी संघटनेच्या परवान्याशिवाय कोणी दारात उभं करत नाही. आणि ती संघटना सोडूनच तर ती पळाली होती. शेवटी संघटनेचा अधिकारी बेस्टर अटी घेऊन येतो. नाव पुन्हा यादीत घालायचं, हातमोजे आणि बिल्ला पुन्हा चढवायचा, त्या बदल्यात काम मिळेल. आणि मेल्यावर तिचा देह संघटनेच्या ताब्यात, व्होर्लॉनांनी आत नेमकं काय केलं ते चिरून पाहण्यासाठी. लिटा सही करते.